लेकीबद्दल अभिनंदन

फेन्ना बारा वर्षांची होणार म्हणून हॉलंडमधल्या सबंध झुटफेन गावात एकच बाई धास्तावली होती, आणि ती म्हणजे तिची आई. इतर आयांना पोर मोठी झाली की कौतुक वाटतं. गेर्दीन बारा हा आकडा नुसता दिसला तरी नजर फिरवायची. कारण इकडे आईबाप वेगळे झालेले असले की बारा वर्षांच्या मुलाला न्यायाधीश समोर बसवून विचारतात, बाळ, तुला कुठं राहायचंय? फेन्नाला सात एप्रिलचं बोलावणं आलं होतं.

घटस्फोटाला चार वर्षं झाली होती. एक आठवडा आईकडे, एक आठवडा बाबाकडे, असं पोरीचं दप्तर आणि उशी घेऊन चाललं होतं. आता बाबा, म्हणजे वाउटर, म्हणत होता की नवी शाळा आपल्या घराच्या कोपऱ्यावर आहे, तर पोरीनं कायमचं इकडेच राहावं. निर्णय न्यायाधीशबाईंचा, पण पोरीच्या शब्दाला वजन. म्हणजे बारा वर्षांचं आईपण आता एका बारा वर्षांच्या जिभेवर येऊन बसलं होतं.

वाउटरकडे बाग होती, म्हातारा कुत्रा होता, आणि मार्लूस होती. मार्लूस ही त्याची दुसरी बायको. शांत, मऊ, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. तिच्यावर राग धरायला कुठं जागाच सापडत नसे, आणि गेर्दीनला नेमका याचाच राग यायचा. आणि गेर्दीनच्या स्वतःकडे काय होतं? दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवरची नोकरी, आणि माणसाला हसवायची हातोटी. त्या हातोटीवरच तिची सगळी भिस्त होती.

ती हातोटी खोटी नव्हती, हे मात्र सांगायला हवं. बुधवारी शाळा दुपारीच सुटते. तेव्हा मायलेकी सायकली काढून नदीकाठी जायच्या, कागदी पुड्यात बटाट्याचे गरम फ्राइज घ्यायच्या, वर मेयॉनीजचा डोंगर. नियम एकच, चेहरा गंभीर ठेवून खायचं. आधी हसेल तिनं भांडी घासायची. गेर्दीन वरच्या ओठाखाली दोन फ्राइज खोवून समुद्रातल्या सुळेवाल्या प्राण्यासारखी नदीकडे बघत बसायची, तशीच, अगदी राणीच्या रुबाबात, येणाऱ्या-जाणाऱ्यांना मान लववायची. सात वर्षांची फेन्ना हसता हसता बाकावरून खाली पडायची. लोक वळून बघायचे. आईला कुणाची पर्वा नव्हती.

पण कोर्टाचं ते पत्र आलं जानेवारीत, आणि तिथून बाईचा तोल गेला. आज तरणतलाव, उद्या पॅनकेक, परवा बर्फावर घसरायला, एका शनिवारी तर दोन तास आगगाडीनं समुद्रावर, तेही असल्या वाऱ्यात की सँडविचमध्ये चीज कमी आणि वाळू जास्त. अति तेथे माती, हे म्हणायला सोपं आहे. जिचं पोर हातातून निसटायला लागलंय, तिला अति म्हणजे नेमकं किती, ते कोण सांगणार?

वाढदिवसाच्या आधीच्या बुधवारी दोघी नदीकाठी बसल्या होत्या.

"आई," फेन्ना म्हणाली, "दर वेळी मजा करायलाच हवी का?"

गेर्दीनच्या ओठाखाली तेव्हा फ्राइज होते. ते तिनं काढले. "मग काय करायचं म्हणतेस?"

"काही नाही. तिकडे आम्ही काहीच करत नाही. मी सोफ्यावर पडते, मार्लूस वाचते, कुत्रा घोरतो."

"एवढंच ना? मी घोरून दाखवते की. कुत्र्यापेक्षा चांगली घोरते मी. तुझ्या बाबाला विचार."

फेन्ना हसली. पण ते हसणं गेर्दीनला ओळखीचं वाटलं, आणि कुठलं ते तिला लगेच कळलं. दवाखान्यात आलेल्या माणसाकडे बघून ती स्वतः दिवसभर असंच हसायची.

सात तारखेला काय सांगणार आहेस, हे विचारायला जीभ शिवशिवत होती. पण पत्रात स्पष्ट लिहिलं होतं, मुलावर दडपण आणू नये. तिनं विचारलं नाही. तुझं मेयॉनीज संपलं का, एवढंच विचारलं, आणि दोघी उरलेले गार फ्राइज खात वाऱ्यात बसून राहिल्या.

वाढदिवस आला रविवारी, आणि बाबाच्या आठवड्यात. म्हणजे आईनं इतर पाहुण्यांसारखं दुपारी तीनला यायचं. तीन म्हणजे तीन. इकडे तीन ही दगडावरची रेघ असते. गेर्दीन पावणेतीनलाच पोचली होती, मग गल्लीच्या टोकाला सायकल धरून पंधरा मिनिटं वारा खात उभी राहिली. आपल्या पोटच्या पोरीच्या वाढदिवसाला लवकर आलं म्हणून कुणी नाक मुरडू नये, यासाठी.

आमच्या वाढदिवसांची रीत ज्याला ठाऊक नाही तो भाग्यवान. बैठकीच्या भिंतींना लावून खुर्च्या गोल मांडतात. त्या गोलात सगळ्यांनी मांडीवर बशी घेऊन बसायचं. कॉफीबरोबर केकचा एक तुकडा. एकच. पुढं चीजचे चौकोनी तुकडे आणि मोहरी. नवा पाहुणा आला की त्यानं पहिल्या खुर्चीपासून शेवटच्या खुर्चीपर्यंत एकेकाचा हात हातात घ्यायचा आणि अभिनंदन करायचं. ज्याचा वाढदिवस त्याचं तर करायचंच, पण बापाला म्हणायचं, लेकीबद्दल अभिनंदन. आजीला, नातीबद्दल अभिनंदन. मावशीला, भाचीबद्दल. कुणालाही वगळायचं नाही. गेर्दीनला लहानपणापासून या प्रकाराचा कंटाळा, पण आज ती त्या दोन शब्दांसाठीच आली होती. लेकीबद्दल अभिनंदन. वाउटरची आई तिला ते म्हणाली, हात जरा जास्तच वेळ धरून. त्यावर ती तासभर तगली.

फेन्ना कागदी फुलांनी सजवलेल्या खुर्चीवर बसली होती. केस वेगळे बांधलेले, दोन बाजूंनी गुंफून मागं आणलेले. असे केस गेर्दीनला बांधता येत नव्हते.

चार वाजत आले तेव्हा बेरेंडकाका आले. हे मार्लूसच्या वडिलांचे थोरले भाऊ, ऐंशीच्या पुढचे, आयुष्यभर गाई राखलेले, हात फावड्याएवढे आणि कानांनी ठार बहिरे. या घरी ते पहिल्यांदाच येत होते. एवढ्या लांबून आलेत म्हणून सगळ्यांनी बशा सावरल्या. काकांनी टोपी काढली आणि रीतीप्रमाणे पहिल्या खुर्चीपासून सुरुवात केली.

"बारा वर्षांची घोडी!" ते फेन्नाला म्हणाले. "अभिनंदन, पोरी!"

मग वाउटर. "लेकीबद्दल अभिनंदन!"

मग मार्लूस. तिचे दोन्ही हात त्यांनी आपल्या हातांत घेतले. त्यांचा आवाज आधीच मोठा, त्यात गहिवरलेला. "मार्लूस, लेकीबद्दल अभिनंदन गं. किती गुणाची वाढवलीयस. तुझ्यावरच गेलीय, डोळे बघ की!"

खोलीत सगळ्यांचे चमचे थांबले. मार्लूस कानापर्यंत लाल झाली. "काका, अहो, ती—" ती म्हणाली, पण काकांना ऐकू येत असतं तर काय हवं होतं. ते पुढच्या खुर्चीकडे, म्हणजे गेर्दीनकडे, वळलेसुद्धा. फावड्याएवढा हात पुढं आला.

"आणि तुम्ही कोण, बाई? शेजारच्या का?"

एका शब्दाचं काम होतं. गेर्दीन स्वतः तो शब्द ओरडून सांगू शकली असती. पण तिनं फेन्नाकडे बघितलं. तिच्या मनात आलं, न्यायाधीशबाई विचारतील ते यापेक्षा वेगळं काय असणार आहे? ही कोण, एवढंच तर काका विचारताहेत. सांग पोरी, ही माझी आई म्हणून. एकदाच सांग, मग सात तारखेची मला भीती नाही. तिनं असं बघितलं की भिंतीलासुद्धा कळलं असतं.

फेन्ना बशीतल्या केकवरची क्रीम काट्यानं सपाट करत बसली होती. तिनं मान वर केली नाही. वाउटरनं घसा खाकरला. मार्लूस अर्धवट उठली. गेर्दीन थांबली, जितकं थांबता येईल तितकं थांबली, आणि मग जन्मभराच्या सवयीनं तिचं तोंड उघडलं.

"हो हो, शेजारचीच!" ती काकांच्या कानाशी जाऊन ओरडली. "तुमच्या गाण्याचा फार आवाज होतो म्हणून भांडायला आले होते. पण केक बघितला आणि बसले!"

हशा असा फुटला की कुत्रा उठून बसला. वाउटरची आई डोळे पुसायला लागली, कशामुळे ते तिचं तिलाच ठाऊक. मार्लूस सुटल्यासारखी हसली. आणि सगळ्यांत मोठ्यानं हसली ती फेन्ना, मान मागं टाकून, अगदी खरंखुरं. तीन महिन्यांत इतक्या तलावांनी, इतक्या पॅनकेकांनी जे जमलं नव्हतं ते आज जमलं होतं. काकांनाही गंमत वाटली. रीत म्हणजे रीत, शेजाऱ्यालाही तिच्यातून सुटका नाही. त्यांनी गेर्दीनचा हात खांद्यापासून हलवला.

"तर मग शेजारच्या पोरीबद्दल अभिनंदन, बाई!"

"आभारी आहे," गेर्दीन म्हणाली. तिला वाटलं, आपण आता इथंच, या सगळ्यांच्या मधोमध, गुरासारखा हंबरडा फोडून रडणार. तसं काही झालं नाही. तिनं मोहरी लावून चीजचा एक तुकडा खाल्ला, मग दुसरा खाल्ला. पाच वाजता उठली.

बाहेरच्या दाराजवळच्या बोळात कोटांच्या ढिगातून आपला कोट ओढत असताना मागून फेन्ना आली. तिनं बैठकीचं दार लोटून घेतलं, पण ते पुरतं लागलं नाही.

"आई, तू रागावलीस?"

"छे गं. शेजारणी कधी रागावतात का?"

"आई, ऐक ना." फेन्ना भिंतीला पाठ लावून उभी राहिली. "मला तुला कधीचं सांगायचं होतं. पण भीती वाटायची. वाटायचं, मी सांगितलं की तू मोडून पडशील. म्हणून मी काही बोलतच नव्हते. तू मला कुठं कुठं घेऊन जायचीस आणि मी आपली जायचे."

"आणि आता?"

"आता काका तसं म्हणाले, आणि मला वाटलं, मेले मी, आता आई रडणार. पण तू रडली नाहीस. उलट सगळ्यांना हसवलंस." ती भराभर बोलत होती, गालांवर रंग चढला होता. "तेव्हा मला कळलं की तुला जमतं."

"काय जमतं, राणी?"

"हेच. मी इकडे राहिले तरी तुला जमेल. मी न्यायाधीशबाईंना तसं सांगणार आहे. चालेल ना?"

मला जमत नाही. बाळा, मला अजिबात जमत नाही, मघाशी तुला वाचवायला सगळ्यांना हसवलं, माझ्यात आता काही शिल्लक नाही. हे सगळं गेर्दीनच्या ओठांशी आलं. तिनं पोरीकडे बघितलं. जानेवारीपासून त्या कपाळावर जी आठी होती ती गेली होती. चेहरा मोकळा, धुतल्यासारखा. आणि ती वाट बघत होती, आईनं नेहमीसारखं काहीतरी बोलावं म्हणून.

"चालेल म्हणजे? धावेल!" गेर्दीन म्हणाली. "तुझे मोजे शोधायचे वाचले. एक पलंगाखाली, एक फ्रिजवर. आता माझ्या घरात सगळे मोजे जोडीनं राहतील, सुखानं संसार करतील."

फेन्ना फिसकन हसली. मग आईच्या कुशीत तोंड खुपसून खांदे हलेपर्यंत हसली. गेर्दीनही हसली. हसणं थांबवलं तर पुढं काय होईल याची तिला धास्ती होती, म्हणून ती हसतच राहिली, कोटाची एक बाही घातलेली, दुसरी लोंबत असलेली.

"काय चाललंय तिकडे?" दाराच्या फटीतून कुणीतरी ओरडलं. "एवढं काय हसताय? आम्हालाही सांगा!"

"काही नाही!" फेन्ना मागं वळून, सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "ही माझी आई आहे! ती अशीच आहे!"

गेर्दीननं दुसरी बाही घातली, गुंड्या लावल्या, आणि सायकलचं कुलूप काढायला बाहेर गेली.