अठराच टाकले होते

एका रात्रीच्या गारठ्याने रोपवाटिकेतल्या टोमॅटोच्या रोपांनी माना टाकल्या, तेव्हा थोरलीने बोल लावला तो थेट बाबांना.

हीटर किती अंशांना सुरू व्हावा हे ठरवणारा पायथन प्रोग्राम तिनेच लिहिला होता. एरवी मर्यादा बारा. थंडी वाढेलसं वाटलं, तर बाबांनी संध्याकाळी नवा आकडा टाकायचा, एवढंच काम.

"मी अठराच टाकले होते गं. पडद्यावर दिसलेसुद्धा."

"मग हीटर बाराला कसा लागला? भुताने लावला? विसरलात तुम्ही, बाबा. वय झालं, मान्य करा की आता!"

"बरं बाई, तू म्हणशील ती पूर्व दिशा," म्हणत बाबा हसले. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या खिशात एक छोटी वही आली. कुलूप लावलं, गॅस बंद केला, सगळं तीत लिहायचं. तरी अर्ध्या वाटेतून परत येऊन बघायचे.

दोन महिन्यांनी पंख्याची सोय करायला तिने प्रोग्राम उघडला आणि एका ओळीवर तिची नजर खिळली. फंक्शनच्या, म्हणजे प्रोग्राममधल्या एका कामापुरत्या तुकड्याच्या, बाहेर 'मर्यादा' होती बारा. बाबांचा आकडा तिने फंक्शनच्या आत त्याच नावात ठेवला होता. पण आत किंमत दिली की पायथन ते नाव आतल्यापुरतं वेगळं धरतो. एकाच नावाच्या दोन मुली असाव्यात, एक वर्गात, एक मैदानावर; वर्गातलीला खाऊ दिला म्हणून मैदानावरचीचं पोट थोडंच भरतं? पडद्यावर आतले अठरा दिसायचे आणि फंक्शन संपलं की नाहीसे व्हायचे. हीटर वाचत होता बाहेरचे बारा.

आतला आकडा बाहेर परत पाठवायला दोन ओळी पुरल्या. तिला रडूच आलं.

बाबा नळापाशी उभे राहून वहीत काहीतरी लिहीत होते.

"बाबा, चूक माझी होती. तुम्ही अठराच टाकले होते."

"असं? मला आता नक्की नाही सांगता येत, बघ." मग त्यांनी वही पुढे केली. "तूच लिहून दे. नाहीतर विसरेन मी."

तिने लिहिलं, खाली तारीख घातली. बाबांनी दोनदा वाचलं, वही खिशात ठेवली, आणि चार पावलं जाऊन नळ बंद केलाय का ते बघायला परत फिरले.