शाळेच्या आवारातलं बोअर

हर्षदा उमरीकर बोअरमध्ये तार सोडत होत्या. तारेच्या टोकाला पाणी लागलं की हातातलं यंत्र वाजायचं. गेल्या खेपेला ते एकोणीस मीटरवर वाजलं होतं. आज तीस झाले, पस्तीस झाले, तरी यंत्र मुकंच. बेचाळीसवर कुठे ते बारीक वाजलं. त्यांनी तार ओढून पुन्हा सोडली. बेचाळीसच.

भूजलाची पाहणी करणाऱ्या एका संस्थेत त्यांची सत्तावीस वर्षं अशीच गेली होती. सुलतान बाजारातल्या घरून निघायचं, दोन बस बदलायच्या, गावोगावच्या बोअरची पातळी वहीत लिहायची. हे बोअर शाळेच्या आवारात होतं. कुंपणापलीकडे मोठं डेटा सेंटर उभं राहत होतं आणि त्याच्या नव्या भिंतींवर दिवसभर पंपांनी जमिनीतून उपसलेलं पाणी मारलं जात होतं.

साइटवरचा इंजिनीअर अमेय कुंपणाशी आला. मूळचा पुण्याचा, बाईंशी मराठीत बोलायला मिळतं म्हणून नेहमी यायचा.

“काकू, परवा मोजा ना. दोन दिवस आम्ही पंप बंद ठेवतो. पातळी चढेल.”

“आणि मी गेल्यावर?”

तो बुटाने माती उकरत राहिला. “पावसाआधी स्लॅब संपवायचेत. माझ्या हातात काय आहे, काकू?”

“हौ. माझ्या हातात पण एवढंच आहे,” म्हणत त्यांनी वहीत आकडा लिहिला.

शाळेचा नळ पंधरा दिवस कोरडा होता. मुलं जेवणाची ताटं कागदाने पुसून ठेवत होती. मुख्याध्यापिका प्रियदर्शिनी म्हणाल्या, “मॅडम, एक कागज देओ. कागज के बगैर कौन सुनता?”

असा कागद द्यायचा अधिकार हर्षदाबाईंना नव्हता. तरी त्यांनी एका कागदावर पातळी आणि तारीख लिहिली, खाली सही करून तो दिला.

आठवड्याने संस्थेतले त्यांचे वरिष्ठ, सुधीर सर, यांनी त्यांना कचेरीत बोलावलं. “बाई, रिटायर व्हायला चार महिने राहिले. कायको झंझट घेता? बोअर नादुरुस्त आहे असं लिहून द्या. आकडा रद्द होईल.”

“बोअर चांगलं आहे, सर. पाणी खाली गेलंय.”

सर रागावले नाहीत. थकल्यासारखं त्यांनी नादुरुस्तीचा फॉर्म आपल्याकडे ओढला आणि स्वतःच भरला.

बाईंनी सही केलेल्या कागदावर शाळेला दिवसाआड टँकर मिळू लागला. पंप काही थांबले नाहीत. हर्षदाबाईंचं गावोगाव फिरणं मात्र थांबलं. त्यांना कचेरीत बसवून नव्या वर्षाच्या वहीत बोअरची यादी उतरवायचं काम दिलं.

छापील यादीत शाळेचं बोअर नव्हतं. त्याच्या खालची गावं एकेक ओळ वर सरकली होती. मध्ये फटसुद्धा राहिली नव्हती. त्यांनी चष्मा पुसला आणि उतरवायला घेतलं. शाळेच्या आधी यायचं त्या गावाचं नाव लिहून झालं. मग एक ओळ त्यांनी कोरी सोडली आणि पुढचं गाव त्या ओळीखाली लिहिलं.