जात्यांनी भरलेली पिकअप

पितळेला मोडीचा भाव मिळतो, लोखंड भंगारवाला उचलतो, सागवान कितीही किडलेलं असलं तरी चुलीला चालतं. दगडाला कोण विचारतो? बिबिजानला हे कळायला सगळा धंदा बसावा लागला, आणि कळलं तेव्हा तिच्या प्लॉटवर दोनशेच्या वर दगडी जाती रचून पडलेली होती.

नारायणगावच्या अलीकडं, हायवेला लागून तिचं जुन्या वस्तूंचं दुकान. दुकान कसलं, पत्र्याची शेड आणि पुढं मोकळं रान. नवरा जलाल होता तोवर समया, घंगाळं, बैलगाडीची चाकं असला माल घ्यायचा. तो गेला आणि बिबिजाननं जात्यांवर हात टाकला. तेव्हा फार्महाऊसवाल्यांना अंगणात जातं मांडायचं वेड लागलं होतं. पर्यटन केंद्रवाले एकदम टेम्पो भरून न्यायचे. तिचा मुलगा फैजान सांगून दमला, की अम्मी आता बस, हे खूळ उतरणार. ती म्हणायची, तुझ्या बापाला पितळ कळत होतं, मला माणसं कळतात.

मग नर्सऱ्यांत सिमेंटची जाती आली. एका हातानं उचलावीत इतकी हलकी, वरून काळा रंग फासलेला. गिऱ्हाइकाला तीच गोड लागली. त्यात गाड्या बायपासनं जायला लागल्या. गेल्या वर्षी तिचं एकच जातं खपलं, तेही एका बाईनं कुंडीखाली ठेवायला नेलं.

आता तर प्लॉटच विकला गेला होता. मालक गेणभाऊ भला माणूस. त्यानं दोनदा मुदत वाढवून दिली, पण घेणाऱ्याला तिथं मंगल कार्यालय बांधायचं होतं आणि सोमवारी त्याचं खोदाईचं मशीन येणार होतं. पितळ, चाकं, कोरीव दारं जाईल त्या भावानं गेली. जाती उरली. फैजान खडी मशीनवर विचारून आला. तिथला माणूस म्हणाला, आणून टाका, फुकटात फोडून देतो, फक्त खुंटे आणि लोखंडी खिळे काढून आणा.

बिबिजाननं एकही खुंटा उपटला नाही. डोंगरातल्या बायकांनी ही जाती काही भंगारासारखी दिली नव्हती. घराघरात पिठाची गिरणी पोचली, जातं पडवीत लोळायला लागलं, तरी देताना त्या त्याला हळदकुंकू लावायच्या, तोंडात मूठभर नाचणी घालायच्या, लेकीची करावी तशी पाठवणी करायच्या. आणि प्रत्येकीला बिबिजाननं गळ्यावर हात ठेवून सांगितलं होतं, चांगल्या घरी देईन. एवढं बोललं की बाई भावाला ताणत नाही, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. त्या एका शब्दावर ती डोंगरात कुणाच्याही ओट्यावर हक्कानं टेकली होती, कुणाच्याही हंड्यातलं पाणी प्याली होती. आता त्याच शब्दाची खडी होणार होती.

तिनं ठरवलं, ज्याचं त्याला परत द्यायचं. फुकट. हा शब्द तिनं उभ्या जन्मात गिऱ्हाइकापुढं काढला नव्हता.

शनिवारी सकाळी ओळखीच्या सावळेरामच्या भाड्याच्या पिकअपमध्ये तीस जाती चढली आणि टायर बसले. एवढ्या जड सासवा एका गाडीत आपण पहिल्यांदाच बसवल्या, म्हणाला सावळेराम. बिबिजान हसली नाही. घोडेगाव मागं पडलं, डिंभे धरणाचं पाणी डाव्या हाताला आलं, गाडी पहिल्या गिअरवर कण्हत चढली.

पहिल्या घराला कुलूप. माणसं चाकणला गेली ती दिवाळीपुरती येतात. दुसरं घर लंकाबाईचं. तिनं हात धरून आत नेलं, चहा टाकला, आणि जात्याचं नाव निघताच कप तसाच ठेवून दारात जाऊन उभी राहिली. पाठवलेली लेक अशी गाडीत घालून परत आणतात का, असं ती आळीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारत राहिली. तिसऱ्या घरातली सून म्हणाली, घ्यायला हरकत नव्हती, पण जात्याच्या जागी वॉशिंग मशीन बसलंय.

"मग त्यात नाचणी घाल," बिबिजान म्हणाली, "बघू भाकरी येती का."

एवढंच काय ते तिचं तिच्यासारखं बोलणं. त्यानंतर गाडीच्या आधी बातमी पुढं पोचत गेली. माणसं पडवीतून उठून आत जात होती. एका दाराला कोणी तरी आतून कडी सरकवली, तिनं ती स्वतःच्या कानांनी ऐकली. उन्हात दगड तापले, सावळेराम मीटरकडं आणि घड्याळाकडं आळीपाळीनं बघायला लागला. एका वळणावर त्यानं दरीकडं मान हलवली. इथं कोण बघतंय चाची, म्हणाला. बिबिजाननं त्याच्याकडं नुसतं पाहिलं. त्यानं गाडी पुढं घेतली.

राहिली सखूबाई. तिच्या घरी बिबिजान जेवायची, तिच्या नातवाच्या बारशाला कुंची घेऊन गेली होती. घराशेजारी सखूबाईच्या मुलाचं, सुनीलचं, नवं बांधकाम काढलेलं. चारी बाजूंनी जोतं उभं होतं, आत नुसता खड्डा. सखूबाई पाण्याचा पाइप धरून जोत्याची भिंत भिजवत होती. तिनं गाडी पाहिली आणि पाइप खाली टाकला.

"खाली उतरवू नगंस," ती म्हणाली. "गेलेलं परत उंबऱ्याच्या आत घेत नाय आमी."

"सखू, तू घेतलं नाय तर सोमवारी त्याची खडी व्हईल."

"तू म्हनली व्हतीस, चांगल्या घरी देईन."

"म्हनले व्हते."

"मग चांगली घरं संपली?"

"घरं लई हायेत. सिमेंटची जाती ठेवत्यात." बिबिजाननं ओढणीनं तोंड पुसलं. तिला खाली बसायचं होतं, पण बस म्हणायला कुणी तयार नव्हतं. "हात जोडते तुला. असे कुनाला जोडले नाय आजवर."

सखूबाईनं मान फिरवली. तेवढ्यात सुनील आला, गाडीभोवती एक फेरी मारून आला, आणि जात्यांकडं बघता बघता त्याची नजर खड्ड्यात गेली.

"मावशी, फोडायचीच हायेत तर मला द्या. फरशीखालच्या भरावाला, सोलिंगला, दगड कमी पडतोय. खदानीची गाडी काय आठवडाभर येत नाय."

सखूबाई त्याच्यावर तुटून पडली. आजीच्या जात्यावर पाय देऊन फिरणार का, पोरंबाळं त्यावर नाचणार का, बापानं हेच शिकवलं का. सुनील दोन पावलं मागं सरला. विटा झेलत असलेली त्याची बायको नूतन मात्र हातातली वीट खाली ठेवून म्हणाली,

"आत्या, उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाय ना? उंबरा कुठं बसलाय अजून?"

सखूबाईनं जोत्यातल्या मोकळ्या जागेकडं पाहिलं. दाराला जागा सोडली होती, दार नव्हतं. मग म्हणाली, माझं तेवढं स्वयपाकाच्या ओट्याखाली ठेवा, तिथं कुणाचा पाय पडत नाही. बाकीच्यांचं मला विचारू नका. आणि ती पाइप उचलून मागच्या भिंतीकडं निघून गेली.

जाती खड्ड्यात उतरायला लागली. गवंड्यानं पहिल्या दोन ओळी लावून पाहिल्या आणि डोकं हलवलं. गोल दगड एकमेकांना भिडत नाहीत, मध्ये पोकळी राहते, उद्या फरशी खचेल. त्यानं गड्याला घण आणायला सांगितला.

"फोडायचं नाय," बिबिजान म्हणाली.

"मावशी, गोल बसत नाय."

"मी बसवते."

ती नऊवारी नेसणाऱ्यांतली नव्हती, पायघोळ सलवार गुडघ्यापर्यंत सारून खड्ड्यात उतरली. चार जात्यांच्या मध्ये जी जागा राहते तिथं दगडाची कपची घालायची, वरून दुसरी ठोकायची, हालते का बघायचं, हालली की काढून पुन्हा. कपच्या निवडून द्यायला नूतन काठावर बसली. बिबिजानची नखं मोडली, एका बोटातून रक्त यायला लागलं, ते तिनं ओढणीला पुसलं. गवंडी विडी ओढत बघत होता. पहिल्या ओळीवर तो स्वतः उभा राहिला, टाचेनं दाबून पाहिलं. हललं नाही. त्यानं घण बाजूला ठेवला.

फैजानचा फोन आला, तो तिनं उचलला नाही. तो काय विचारणार हे तिला माहीत होतं, आणि सांगायला जे होतं ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. ज्या मालाला हायवेवर भाव सांगताना तिची मान वर असायची, तोच माल ती आता लोकांच्या पायाखाली गाडत होती, आणि कुणी घेतला याचे उपकार मानत होती.

उन्हं कलली तेव्हा गाडी रिकामी झाली. शेवटचं जातं बसलं, त्यावर सुनीलनं मुरमाची पाटी ओतली. सावळेरामनं मागचा फाळका लावला आणि इंजिन सुरू केलं. प्लॉटवर अजून पावणेदोनशे पडली होती, आणि मध्ये एक रविवार होता.

बिबिजानला खड्ड्यातून वर यायला नूतननं हात दिला. ती वर आली, पण गाडीकडं वळली नाही. जोत्याच्या कडेवर उभं राहून तिनं खालच्या वाडीकडं, पलीकडच्या आळीकडं, जिथं कुठं वाळूचा ढीग किंवा विटांची रास दिसते का तिथं नजर टाकली.

"सुनील," ती म्हणाली, "गावात आनखी कुनाचं जोतं भरायचं हाय?"