प्रेताजवळ कोण बसणार

रहस्यकथा वाचून वाचून माझे केस पांढरे झाले. त्यामुळे पिपरी मेघेतल्या आमच्या कॉलनीनं गणपतीत रहस्यनाटक बसवायचं ठरवलं, तेव्हा ते मीच लिहिणार यात वाद नव्हता. जन्मभर दुसऱ्यांचे खुनी ओळखले. आता माझा खुनी कोणाला ओळखू येतो ते बघायचं होतं.

तालमीच्या पहिल्याच दिवशी मी सगळ्यांना शास्त्र समजावलं. खुनी गोड बोलणारा हवा, म्हणजे शेवटी लोक आ वासतात. आणि मरणारा असा हवा की त्याच्यासाठी कोणी टिपूस गाळू नये. लोक रडत बसले तर कोडं सोडवणार कधी? म्हणून मी एक खडूस घरमालक मारला. खुनी त्याची प्रेमळ भाची, ते काम हर्षाकडे. गुप्तहेर अर्थातच मी.

प्रेताचं काम रूपरावांना दिलं. रोहणा गावची शेती मुलावर सोपवून ते इथे राहायला आलेले. त्यांना एक वाक्य धड पाठ होत नाही, पण निपचित पडण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. त्यांच्या बायकोला, मनकर्णाबाईंना, हे काही रुचलं नव्हतं.

"जित्या मान्साले काऊन झोपवता, भाऊ?"

"वहिनी, नाटक हाये जी ते," मी म्हटलं आणि विषय संपवला.

प्रयोगाच्या दिवशी मांडव गच्च भरला होता. सगळं छान चाललं होतं. मग मी संशयितांना घेऊन आतल्या खोलीत, म्हणजे विंगेत गेलो. रंगमंच मुद्दाम रिकामा ठेवला होता. खुनाचा पुरावा म्हणून ठेवलेलं फुटलेलं घड्याळ लोकांना नीट दिसावं म्हणून. पांढऱ्या चादरीखाली एकटे रूपराव.

पहिल्या रांगेतून मनकर्णाबाई उठल्या. पायरीशी चपला काढल्या, वर चढल्या आणि रूपरावांच्या उशाशी जाऊन बसल्या. मांडवात हशा पिकला.

माझं डोकं सणकलं. आयुष्यात एकदा नाव व्हायची वेळ आली, तर ही बाई त्यावर पाणी ओतत होती. मी सगळ्यांना घेऊन तसाच बाहेर आलो, वाकलो आणि दातओठ खात कुजबुजलो, "वहिनी, खाली जा ना."

"मेलेल्या मान्साले एकटं सोडत नाईत," त्या म्हणाल्या. "कोरोनात माह्या भावाजवळ कोनालेच बसू नाई देल्लं. इथं तं जागा हाये. इथंबी काऊन कोनी नाई बसून राह्यलं?"

वर माइक लटकत होता. हशा थांबला.

"बसू दे ना जी तिले," चादरीखालून प्रेत म्हणालं. कोणी हसलं नाही.

बाबा गेले तेव्हा त्यांना उचलेपर्यंत मी उशाशी बसून होतो. आमच्याकडे हे शिकवावं लागत नाही. तरी नाटक लिहिताना मला ते सुचलं नाही, आणि इतक्या तालमींत कोणाच्या लक्षातही आलं नाही. मला लाज वाटली.

"याचं नाव काय होतं, भाऊ?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

भाचीला नाव होतं, नोकराला होतं, दारातल्या कुत्र्यालाही होतं. मेलेल्या माणसाला मी नाव दिलं नव्हतं. नाटकभर सगळे त्याला 'म्हातारा' म्हणत होते. रूपरावांचं नाव घेणं शक्य नव्हतं, जिवंत माणूस तो. मांडव वाट बघत होता.

"मधुकर," मी माझंच नाव सांगितलं.

त्यांनी मान हलवली आणि चादर नीट केली. मी खाली बसलो आणि बसूनच खुनी कोण ते सांगितलं. इथे हर्षानं खदाखदा हसायचं होतं. तिनं चादरीकडे पाहिलं आणि तिला हुंदका आला. कोणी आ वासला नाही. मांडवात बायका डोळे पुसत होत्या.

पडदा पडल्यावर रूपराव उठून कपडे झटकू लागले. मनकर्णाबाईंनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"घरी जाऊन दोघंबी डोक्यावरून आंघोळ करजा," त्या म्हणाल्या.

मी घरी गेलो आणि केली.