दुसऱ्या गाडीचं इंजिन

आसपासच्या गल्ल्यांत सगळे तिला मास्तरीणबाई म्हणत. ती बायकांना गाडी चालवायला शिकवायची. गाडी तिची स्वतःचीच होती, जुनी आणि छोटी, शिकवणाऱ्याच्या पायाखाली जादा ब्रेक आणि क्लच बसवलेली. "बायकांना रस्त्याला लावणं हाच माझा धंदा," असं ती हसत सांगायची. नवरा मात्र तिच्याकडून कधी शिकला नाही. एका स्टिअरिंगला नवरा-बायको दोघांचे हात लागले की संसार खड्ड्यात जातो, असं त्याचं म्हणणं.

एका दुपारी चढावर गाडीचं इंजिन जाम झालं. शिकणारी बाई बँकेत नोकरीला होती, पन्नाशी उलटलेली. आपणच काहीतरी मोडलं असं वाटून ती रडायलाच लागली.

"अहो, तुमचा काही दोष नाही," मास्तरीणबाई म्हणाली. "त्याचे दिवसच भरले होते."

इंजिन बदलण्यात हातखंडा असलेला एकच माणूस शहरात होता. त्याला सगळे इंजिनवाला म्हणत. नवरा-बायको दोघं त्याच्या गॅरेजवर गेली. ओढून आणलेल्या गाडीत त्याने बराच वेळ डोकं घातलं आणि मग हात पुसत म्हणाला, "हे इंजिन आता मिळत नाही. दुसऱ्या गाडीचं बसवावं लागेल. पण ते आणि तुमचा गिअरबॉक्स एकमेकांना ओळखत नाहीत. त्यांची सोयरीक जुळवायला मध्ये जाड प्लेट करून घालावी लागते. दोघांचा मध्य एका रेषेत आला पाहिजे. सगळा खेळ तिथेच आहे." मग त्याने आकडा सांगितला. मोठा होता, पण तिने तेवढे साठवले होते.

परतताना बसमध्ये नवरा म्हणाला, "एका प्लेटचे एवढे?"

"प्लेटचे नाहीत, डोक्याचे."

"मग मला काय डोकं नाही?"

"तसं कुठे म्हटलं मी? पण सोनारानेच कान टोचावेत म्हणतात."

"सोनार काय आईच्या पोटातून टोचायला शिकून येतो?"

तो बाटल्यांच्या कारखान्यात फिटर होता. कारखाना बंद पडल्यापासून खिडकीशी खुर्ची टाकून बसायचा. दाढी वाढायची, चहा समोर निवायचा. कुठे नोकरीसाठी विचारायला गेला की लोक आधी त्याच्या पांढऱ्या केसांकडे बघत.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिनवाल्याला होकार कळवायला तिने फोन हातात घेतला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिला मागची शेड दिसली. नवरा गुळगुळीत दाढी करून जमिनीवर उकिडवा बसला होता आणि खडूने फरशीवर इंजिनाची मापं काढत होता. तोंडाने काहीतरी गुणगुणत होता. तिने फोन ठेवून दिला. गाडी आणि नवरा यांत तिने नवरा निवडला, आणि निवडताना तिला ते नीट कळत होतं.

गाडी ओढून घरी आणली. नवऱ्याने भंगारातून मोठ्या गाडीचं इंजिन शोधून आणलं, चेन-पुलीने उचललं, उतरवलं, पुन्हा उचललं. ते पुढच्या चौकटीला अडत होतं, म्हणून चौकट कापून त्याने नवी वेल्ड केली. प्लेट ओळखीच्या लेथवाल्याकडून कापून आणली, भोकं स्वतः पाडली. काळ्या नखांनी जेवायला बसायचा आणि घास हातात तसाच ठेवून बोलत राहायचा. "गिअरबॉक्स म्हणजे जावई आहे बघ. सगळ्यांनी सरकून घ्यायचं, हा जागचा हलणार नाही." ती खूप हसायची.

पण काम लांबत गेलं तशा शिकणाऱ्या बायका पांगल्या. घर चालवायला ती मोठ्या रस्त्यावरच्या दुसऱ्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊ लागली. तिथला तरुण मालक तिला काकू म्हणायचा आणि वेळेवरून बोलायचा. घरी आल्यावर नवऱ्याने तिथलं काही विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

शेवटी एका रविवारी इंजिन सुरू झालं. शेजारीपाजारी बघायला जमले. नवरा बाजूच्या सीटवर बसला, तिने स्टिअरिंग धरलं. क्लच दाबला आणि तिच्या तळपायाला ते कळलं. पेडल थरथरत होतं. बारीक, एकसारखं. इतकी वर्षं क्लचवर पाय ठेवून भाकरी खाल्लेली बाई ती. कुठेतरी काहीतरी सरळ बसलं नव्हतं.

"कशी आहे?" त्याने विचारलं. तो हसत होता. कारखाना बंद पडल्यापासून तिने त्याचं असं तोंड पाहिलं नव्हतं.

"छान."

"खरं सांग."

"अहो, खरंच छान. लोण्यासारखी चालते."

त्याने गल्लीभर सांगितलं. एकदोघांना तर तुमचीही गाडी करून देतो म्हणाला. ती मात्र रोज पायाने ती थरथर चाचपायची. आज कमी आहे, बसेल हळूहळू, असं स्वतःला समजवायची. कमी होत नव्हती. बँकेतली बाई तेवढी पुन्हा शिकायला आली होती. तिनेही विचारलं, "बाई, हे पायाला मुंग्या आल्यासारखं काय होतं?"

"जुन्या गाड्या अशाच असतात," मास्तरीणबाई म्हणाली.

मग एका सकाळी, भर चौकात सिग्नल सुटला आणि गिअरबॉक्समधून डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज झाला. गाडी जागच्या जागी थांबली. एकही गिअर पडेना. मागून हॉर्नचा नुसता गदारोळ. बँकेतली बाई दार उघडून खाली उतरली. "माफ करा बाई, मला नाही हो जमायचं हे," एवढं म्हणून ती फुटपाथवरून चालू लागली ती परत आली नाही.

गाडी पुन्हा ओढत शेडमध्ये आणली. इंजिनवाल्याला तिनेच बोलावलं. नवरा भिंतीला टेकून उभा राहिला. इंजिनवाल्याने गिअरबॉक्स उतरवला, प्लेटवर बोट फिरवलं.

"वेल्डिंग सुरेख आहे," तो म्हणाला. "माझ्या माणसांना नाही जमत असं. पण मध्य चुकला. केसभर."

"आता?" नवऱ्याने विचारलं.

"गिअरबॉक्स गेला. त्याने इंजिनाचं मागचं बेअरिंगही खाल्लं. मूळ चौकट तुम्ही कापलीत, म्हणजे दुसरं बसवायला पायाच नाही. तुम्ही दुप्पट दिलेत तरी मी हात लावणार नाही. फसवल्यासारखं होईल." तो उठला. "आश्चर्य वाटतं. हे पहिल्याच दिवशी क्लचला कळतं. थरथर येते. तेव्हाच उघडून प्लेट जराशी सरकवली असती तर निभावलं असतं."

त्याने दोघांकडे पाहिलं, आपली पिशवी उचलली आणि पैसे न घेता निघून गेला.

"तुला कळलं होतं," नवरा म्हणाला.

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतक्या दिवसांनी हसत होतात."

त्याने उतरवलेली प्लेट उचलून भिंतीला टेकवली. "कारखान्यात मशीन बिघडलं की ऑपरेटर माझ्या नावाने शंख करायचा," तो म्हणाला. "शिव्या घालायचा. मला त्याचा कधी राग नाही आला. तो मला कामाचा माणूस समजायचा. तू मला आजारी माणूस समजलीस."

"अहो, मला वाटलं..."

"माहीत आहे काय वाटलं ते."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिने भांडून घेतलं असतं.

पुढच्या आठवड्यात भंगारवाला आला. गॅस कटरने गाडीचे तुकडे करून ते टेम्पोत चढवू लागला. नवऱ्याने शेडमधून हत्यारांची पेटी ओढत आणली आणि वजनकाट्यावर ठेवली.

"हत्यारं कशाला?" ती पुढे झाली.

"लोखंडच आहे ते." तो आत गेला आणि खिडकीशी बसला.

भंगारवाला घोटाळला. "ताई, चढवू की राहू दे?"

तिने खिडकीकडे पाहिलं. तो बाहेर बघत नव्हता.

"राहू दे," ती म्हणाली. पेटी जड होती. भंगारवाल्याने एका बाजूने धरली, दोघांनी ती शेडमध्ये नेऊन ठेवली. फरशीवरचा खडू अजून पुरता पुसला गेला नव्हता. तिला उशीर झाला होता. मोठ्या रस्त्यावरच्या स्कूलमध्ये तिची पहिली शिकणारी बाई येऊन बसली असणार, आणि मालक बोलणार. ती पदर खोचून भराभर चालू लागली.

पेटी अजून तिथेच आहे. ती मधूनमधून वरची धूळ झटकते. त्याने ती उघडलेली नाही.