देश बदललेला स्पीकर

मित्रांनो, स्वीडनमधल्या हापारांडा गावात बोर्ये नावाच्या एका निवृत्त माणसाचे स्वयंपाकघर आहे. तिथे खिडकीखालच्या फळीवर बर्चच्या लाकडाची एक पेटी दिसते. तिचा एक कोपरा खरचटलेला आहे आणि पुढची जाळी जरा आत दबलेली आहे. ती पेटी म्हणजे मी. स्पीकर आहे, आणि आता चांगलाच जुना झालो आहे. आवाज मात्र शाबूत आहे. खालच्या सुरांना थोडा थरथरतो, एवढेच.

माझा जन्म इथला नाही. इथून पूल ओलांडला की नदीपलीकडे फिनलंड लागते, तिथल्या तोर्नियो गावातला मी. खरे तर मला दोन जन्म मिळाले. पहिल्या जन्मी मी कारखान्यातून निघालेला साधा प्लास्टिकचा स्पीकर होतो. पडलो, फुटलो आणि भंगारात गेलो. ताउनो नावाच्या सुताराने मला तिथून उचलून आणले. त्याने बर्चच्या फळ्यांना रंधा मारला, मला नवे घर केले आणि पाठीला आपल्या ड्रिलची बॅटरी जोडली, कारण नदीकाठच्या त्याच्या उन्हाळी खोपटात वीज नव्हती. फळ्या घासायला त्याची मुलगी मार्युत बसली होती. ती बेकरीत नुकतीच कामाला लागली होती आणि तिच्या हाताला पिठाचा वास येत असे. माझी डावी बाजू तिनेच गुळगुळीत केली.

ताउनोची बायको हेल्वी येऊन माझ्याकडे बघतच राहिली.

"अहो, स्पीकर केलाय की शवपेटी?" ती म्हणाली.

"आधी ऐक, मग नावं ठेव," ताउनो म्हणाला.

तिने ऐकले आणि त्या दिवसापासून ती माझी झाली.

मित्रांनो, माझ्या पोटात गाणी नसतात. ती हेल्वीच्या फोनमधून येतात. मार्युतने सगळ्या कुटुंबासाठी मिळून गाण्यांचे एक खाते घेतले होते आणि त्यात आईबाबांना जोडून दिले होते. ती वरच्या मजल्यावर राहायची, आईबाबा खाली. एक घर, एक पत्ता, एक खाते. उन्हाळ्यात सूर्य मावळायचे नाव घेत नसे, तेव्हा मी नदीकाठी टँगो वाजवत असे. सौनाच्या, म्हणजे वाफेच्या खोलीतून तांबडेलाल होऊन बाहेर आलेली माणसे टॉवेल गुंडाळून नाचत. शेजारी म्हणत, "ताउनो, या पेटीत माणूस कोंडलायस काय रे?" असे काही ऐकले की माझी बॅटरी जास्त वेळ टिकायची, असे मला आपले वाटते.

मग ताउनो गेला. हेल्वीने मला कपाटात ठेवले, जुन्या स्केट्सच्या बुटांशेजारी. तिथे मी किती काळ होतो कोण जाणे. अंधारात वर्षे मोजता येत नाहीत. कधीतरी दार उघडायचे, तिचा हात माझ्यावरून फिरायचा आणि दार पुन्हा बंद व्हायचे. टाकून दिल्याचे दुःख मला भंगारात असताना माहीत झाले होते. हे त्याहून वेगळे होते. माझ्यावर प्रेम होते, म्हणूनच मला कोणी वाजवत नव्हते.

मला बाहेर काढले ते एका बिघाडाने. पुलापलीकडे हापारांडात म्हाताऱ्यांचा नाच होता आणि तिथले यंत्र बंद पडले. कोणीतरी हेल्वीला फोन केला. तिने मला पुसले आणि नेले. तिथे बोर्ये भेटला. आयुष्यभर पुलावरच्या जकातनाक्यावर लोकांच्या पिशव्या उघडून बघितलेला माणूस तो. नाचता अजिबात येत नव्हते. त्याने हेल्वीचा पाय तुडवला, माफी मागितली, पुन्हा नाचायला बोलावले आणि पुन्हा तुडवला.

"तुम्ही बसूनच का नाही नाचत?" हेल्वी म्हणाली.

"बसून तुमचा हात धरता येणार नाही," तो म्हणाला.

वर्षभरात ती 'तुम्ही'वरून 'तू'वर आली, आणि एका शरद ऋतूत तिने मुलीला सांगितले, की मी बोर्येकडे राहायला जाते आहे. ते बोलणे मी फळीवरून ऐकले.

"आई, वय काय तुझं?"

"नाचण्याइतकं आहे अजून."

"मग नाच की. नको कोण म्हणतंय? पण घर सोडून? देश सोडून?"

"देश कसला गं, पूल ओलांडायचा. तुझ्या बेकरीपेक्षा जवळ आहे."

मार्युत माझ्याकडे बघत होती. "आणि बाबांचा स्पीकर? तो त्या माणसाच्या स्वयंपाकघरात वाजणार?"

हेल्वीने मला शालीत गुंडाळले आणि काखेत घेतले. दार लावताना तिचा हात कडीवर जरा थांबला, पण आतून कोणी आले नाही.

बोर्येकडचे दिवस तसे सुखाचे होते. भिंतीवर दोन घड्याळे होती, एक इथल्या वेळेचे आणि दुसरे तोर्नियोचे, तासभर पुढचे. बोर्ये म्हणायचा, "तुझी मुलगी माझ्यावर एक तास आधीच चिडलेली असते." हेल्वी हसायची. रात्रीच्या जेवणाला नदीतला मासा, मग कॉफी, आणि मग मी.

एका संध्याकाळी दोन गाण्यांच्या मध्ये अचानक एक माणूस कपडे धुण्याची पावडर विकू लागला. माझ्या तोंडून, तेही ठणाणा. हेल्वी दचकली. बोर्येने चष्मा लावून तिचा फोन वाचला.

"काय म्हणतोय?" तिने विचारले.

त्याने फोन जरा लांब धरला.

"अरे, वाच ना."

"म्हणतोय, तुम्ही आता या कुटुंबाच्या खात्यात नाही."

हेल्वीने हातातला कप पुसला. तो कोरडा होता. तिने तो पुन्हा पुसला.

"मार्युतनं काढलं मला," ती म्हणाली.

"अगं, पत्ता बदलला म्हणून आपोआपही झालं असेल."

"तिनं काढलं," हेल्वी म्हणाली आणि कप जागेवर ठेवला.

काही दिवस मी जाहिराती गिळत गाणी वाजवत राहिलो. मग तेही थांबले. फोनवर नवा निरोप आला. तुमच्या खात्यात देश फिनलंड लिहिला आहे आणि तुम्ही दोन आठवड्यांहून जास्त काळ परदेशात आहात. एकतर परत जा, नाहीतर देश बदला.

"बदलून टाक," बोर्ये म्हणाला. "हे बघ, एकच तर बटण दाबायचं."

"तुला ते बटण दिसतं."

"मग काय आहे ते?"

"देश बदलला की मार्युत म्हणणार, बघा, आई गेली. आत्ता ती नुसती रागावलीय. रागावलेलं माणूस परत येतं, बोर्ये."

त्यावर उठून त्याने चुलीत लाकूड सारले.

पण हेल्वी हार मानणारी नव्हती. कोणाकडून तरी तिला कळले, की फिनलंडच्या हद्दीत जाऊन एकदा गाणे लावले, तर ते खाते पुन्हा दोन आठवडे परदेशात चालते. झाले. दर दुसऱ्या शुक्रवारी ती आपली पायाने रेटायची घसरगाडी काढायची, पुढच्या पाटावर मला शालीत बांधून बसवायची आणि बर्फावरून पुलाकडे निघायची. खरे तर नुसता फोन नेला असता तरी चालले असते. पण फोनचा आवाज तिच्या कानाला डासासारखा लागे, आणि शिवाय तिचे म्हणणे असे, की वाजणार हा आहे, तर हद्द यालाही कळायला हवी.

बोर्ये दारातून ओरडायचा, "निघालीस का त्याला माहेरी घेऊन?"

"हो, चोळीबांगडी घेऊन येते," ती म्हणायची.

पलीकडे गेल्यावर ती एका बसथांब्याच्या बाकावर बसायची. मला शेजारी ठेवून एक गाणे पूर्ण ऐकायची. तिथून दोन गल्ल्या सोडून तिचे स्वतःचे घर होते, त्याच्या धुराड्यातला धूर दिसायचा. ती त्या धुराकडे बघत बसायची. गाणे संपले की उठायची आणि मला घेऊन परत फिरायची. मित्रांनो, मला स्वतःचे शब्द असते तर मी म्हणालो असतो, बाई गं, जा ना. पण माझ्याकडे दुसऱ्यांची गाणीच तेवढी. मी तीच जमेल तेवढ्या जोरात वाजवायचो.

हिवाळा भरात आला. त्या शुक्रवारी इतकी थंडी होती, की हेल्वीच्या पापण्यांवर दव गोठले होते. "आज राहू दे," बोर्ये म्हणाला होता. पण पंधरवडा संपत आला होता. ती बाकावर बसली, गाणे लावले आणि मी सुरू झालो. अर्ध्यात माझी ताकद ओसरू लागली. माझ्यासारख्यांच्या बॅटरीला थंडी मानवत नाही. सूर पातळ झाला, खालचे स्वर नेहमीपेक्षा जास्त थरथरले. हेल्वी हातमोजे काढून मला चोळू लागली. "अरे, थोडंच राहिलंय," ती मला म्हणत होती. "थोडंच राहिलंय रे."

तेवढ्यात रस्त्यावर कोणीतरी थांबले. बेकरीतून परत निघालेली मार्युत होती. आधी तिने आईला पाहिलेच नव्हते. तिने ती थरथर ऐकली होती.

मी बंद पडलो. मला ऐकू मात्र येत होते.

"आई?"

हेल्वीने वर पाहिले. "गाणं लावायला आले होते," ती म्हणाली, जणू काही चोरी पकडली गेली होती.

"इथं? या थंडीत?"

"इथं आलं की वाजतं. तिकडे बंद पडतं ते. दर पंधरा दिवसांनी येते मी."

"दर पंधरा दिवसांनी?" मार्युतचा आवाज चढला. "घर तिथं दिसतंय, आणि तू बसथांब्यावर बसतेस?"

"तू कुटुंबातून काढलंस ना मला. मग कुठल्या तोंडानं यायचं?"

मार्युत खाली बसली, बाकावर नव्हे, बर्फातच. "मला विचारलं होतं त्या खात्यावाल्यांनी. आई याच पत्त्यावर राहते का, म्हणून. मी नाही म्हटलं. खरं तेच सांगितलं." तिने गुडघ्यावरचा बर्फ झटकला. "पण रागानं दाबलं ते बटण. दाबल्यावर बरं वाटलं होतं मला. आणि मग आठवडाभर झोप नाही."

"मग फोन का नाही केलास?"

"तू का नाही केलास?"

मार्युतने माझी बॅटरी काढून आपल्या कोटाच्या आत, छातीशी धरली. मग आईचे उघडे हात बघितले आणि तेही आत घेतले. मग त्या घरी गेल्या. कॉफी झाली. काय बोलल्या ते मला सांगता येणार नाही, कारण मी बॅटरीवाचून ओसरीत पडून होतो. पण दिवेलागणीला मार्युत आईबरोबर बाहेर आली, तिने ऊब आलेली बॅटरी मला परत जोडली, मला पाटावर बांधले आणि घसरगाडीला हात घातला.

"चल. ते खातं नीट करू या."

"इथंच कर की."

"इथून होत नाही, आई. ज्या देशाचं करायचं त्या देशात असावं लागतं. तिकडेच जायला हवं."

अशी मार्युत पहिल्यांदा बोर्येच्या उंबऱ्याशी आली. त्याने दार उघडले आणि जकातनाक्यावरच्या सवयीने तिच्या पिशवीकडे पाहिले.

"ब्रेड आहे," मार्युत म्हणाली. "जकात लागते का?"

"बटर नसेल तर लागते," बोर्ये म्हणाला आणि बाजूला झाला.

त्याने कॉफी केली, इकडच्या रिवाजाप्रमाणे कपांत चीजचे तुकडे सोडले. मार्युत फोन घेऊन टेबलाशी बसली. देशांची भली मोठी यादी वर सरकत गेली. स्वीडन आले तेव्हा तिने बोट उचलून आईकडे पाहिले. हेल्वीने मान हलवली. मार्युतने बटण दाबले.

मी वाजू लागलो. पण यादीतली काही गाणी करडी पडली होती. इकडच्या देशात ती मिळत नव्हती. त्यात एक ताउनोचे आवडते होते. प्रियकराला नदीकाठी थांबायला सांगणाऱ्या मुलीचे गाणे, ताउनो रंधा मारताना गुणगुणायचा ते. हेल्वीने त्यावर बोट ठेवले. काही झाले नाही. पुन्हा ठेवले. मार्युत अपराधी चेहऱ्याने बघत राहिली.

तेव्हा बोर्ये घसा खाकरून ते गाऊ लागला. हेल्वीकडून ऐकून ऐकून त्याला पाठ झाले होते. त्याचा सूर बरा होता, पण फिनिश भाषा म्हणजे नुसता आनंद होता. "नदीकाठी बस राजसा, माझी वाट लाव..."

मार्युतला हसू आवरेना. "वाट बघ," ती म्हणाली. "वाट लाव नाही, वाट बघ."

"बरं. तू सांग कसं ते."

आणि मार्युतने म्हणून दाखवले. दुसऱ्या ओळीला हेल्वी मिसळली. तिघेही गात होते, आणि मी गप्प होतो. मित्रांनो, आयुष्यभर मी लोकांना गाणी ऐकवली. त्या संध्याकाळी लोकांनी मला ऐकवले.

निघताना मार्युत माझ्यापाशी आली. तिने माझ्या डाव्या बाजूवरून हात फिरवला.

"घेऊन जा त्याला," हेल्वी म्हणाली. "बाबांचा आहे. तुझाच हक्क."

मार्युतने थोडा विचार केला. "राहू दे इथंच. मी येत जाईन ऐकायला."

आता ती दर रविवारी येते. कधी बोर्येशी भांडते, कधी ब्रेड आणते, कधी दोन्ही. मी म्हातारा झालो आहे. माझ्या डोक्यावर लोकरीचे ओले हातमोजे वाळत घालतात, ते मला आवडत नाही, पण मी काही बोलत नाही. तुमच्याकडे तरी असे करू नका. घरात कोणी जुना गाणारा असेल, तर त्याची धूळ पुसा, थंडीत त्याला आत घ्या. आणि बंद पडला तर लगेच फेकू नका, आधी थोडा वेळ कोटाच्या आत धरून बघा.