बिनकामाची टेकडी

मे महिन्याच्या पहिल्या तारखेला फुलवंताबाईचा राग चहाच्या आधीच पेटला. कारण एक कागद. चंद्रकुमार, तिचा थोरला पोरगा आणि गावचा उपसरपंच, तो कागद शर्टाच्या खिशात विसरला होता. शर्ट धुवायला घेताना त्याची बायको संध्या हिच्या हाती लागला. फुलवंताबाईला सही येत होती, त्यापुढची अक्षरं नाही. संध्या बारावी झालेली. ती वाचू लागली.

"सदर बावन्न एकर जमीन ओसाड असून पृष्ठभाग जळालेला आहे. झाडे पर्णहीन. जमीन कोणत्याही वापरात नाही. सौर प्रकल्पास देण्यास हरकत नाही."

"कोनती जमीन वं?"

"मोहटेकडी," संध्या हळूच म्हणाली. "आजच्या ग्रामसभेत ठराव हाये."

दरेकशाच्या रस्त्याला लागून असलेल्या त्या टेकडीवर मोहाची दीडशेच्या वर झाडं. जमीन सरकारी, पण प्रत्येक झाड कुठल्या ना कुठल्या घराचं. कागदावर कुठं नाही, तरी शेंबड्या पोरालाही ठाऊक. फुलवंताबाईला सासूनं दोन झाडं दिली होती. त्यातलं एक तिनं संध्या लग्न होऊन आली त्याच वर्षी तिच्या नावानं सोडलं. नवऱ्यापुढं हात न पसरता बाईच्या हाती चार पैसे यायचे ते त्या फुलांचेच.

"जळालेली म्हन्ते?" फुलवंताबाईनं पुन्हा विचारलं, आणि विचारता विचारताच तिला आपलाच खराटा आठवला.

मोजणीवाले फागुनात आले होते. फुलं गळायच्या आधी बाया झाडाखालचा पाला झाडून ढीग करतात, जाळतात, खराट्यानं जमीन अंगणासारखी साफ करतात. त्या काळ्या भुईवर पहाटे पडलेलं पिवळसर फूल लांबून दिसतं, गवतात हरवत नाही. दरवर्षीचंच काम. पण यंदा फुलवंताबाईनं आठ दिवस आधीच घाई केली होती. साहेब येऊन राहिले, पंपाच्या तारा टाकायला मोजतात म्हणे, टेकडी चकाचक पाहिजे, गावाची शोभा व्हायला नको. घरोघरच्या बायांना तिनं शिव्या देऊन उठवलं होतं. वर त्या साहेबांना चहाही पाजला होता.

तिनं साफ केलं आणि त्यांनी ओसाड लिहून नेलं.

चंद्रकुमार आंघोळ करून आला, तर माय दारात उभी.

"खिशात घालून फिरून राहिला माह्या सुनंचं झाड?"

"माय, ऐक तं. तुले सोलर नको का? घरावरची पाटी तं तूच लावून घेतली."

"सोलर कायले नको? ऊन का कंपनीच्या बापाचं हाये? आपल्या छपरावर घेऊ."

"छपरावरच्या पाटीवर दोन बल्ब अन् एक पंखा चालते. बॅटरी बिघडली तं सहा महिने कोनी फिरकला नाई, अंधारात तूच बोंबलली. तेच्यावर धान कुटाची मशीन चालवून दाव. शहराले, कारखान्याले बिजली कोठून भेटन?"

बॅटरीचं खरं होतं. खरं होतं म्हणून तिला आणखी चढली.

"बॅटरी बिघडली तं नवी बॅटरी आन! टेकडी काऊन इकतोस? गोंदियाच्या राईस मिलांचे टिनाचे छप्पर पाह्य, हे लंबे लंबे. टाक म्हना तेच्यावर पाट्या. छपरावर मोह थोडाच पडते."

"तू अनाडी हायेस, माय."

"हो. अनाडीच हावो. म्हनून तं तुले शिकवलं."

ग्रामपंचायतीपुढच्या मंडपात सोलर कंपनीचा माणूस दुर्गेश, गोंदियाचा, पांढऱ्या बुटांत आला होता. सरपंच सुलोचनाबाई खुर्चीत बसून पदरानं वारा घेत होत्या. दुर्गेशनं ठराव वाचला आणि मोबाईलवरचा फोटो सगळ्यांसमोर धरला. काळी जमीन, नागडी झाडं.

"देखिए माताजी, एक पत्ता नहीं है. बंजर है."

"फागुनात मोहाले पान राह्यते का रे? तुह्या घरी कोनी झाड पाह्यलं नाई का?" मंडपात हसू फुटलं. फुलवंताबाई हसली नाही. मान वर ठेवूनच, पण एकेक शब्द ओढून काढल्यासारखी ती बोलली, "ते मीच जाळलं. मीच झाडलं. साहेबाले साफ दिसावं म्हनून. चूक माही हाये, टेकडीची नाई. सुलोचना, सभा टेकडीवर घे."

"अभी? इतनी धूप में?" दुर्गेश म्हणाला.

"उन्हाचाच धंदा करतोस ना बापू? मंग चाल."

सुलोचनाबाई उठल्या. त्यांचंही एक झाड होतं तिथं.

टेकडीवर मोहाला तांबूस कोवळी पालवी फुटून हिरवी होत आली होती. कोणी काही सांगितलं नाही, तरी माणसं आपापल्या झाडाखाली जाऊन बसली. दुर्गेश घाम पुसत एका सावलीत शिरला.

"ते गोवर्धनच्या घरचं हाये," शेजारच्या झाडाखालून अनुसयाबाई ओरडली. तो दुसरीकडं सरकला. तिकडूनही आवाज आला, "ते माहं!"

"कोई खाली पेड़ है क्या?"

"पाह्य ना," फुलवंताबाई म्हणाली. "बावन्न एकर बिनकामाची हाये म्हन्तोस. बिनकामाची सावली हुडक."

तो शेवटी मधल्या उन्हात उभा राहिला. त्याच्या शेजारी रजिस्टर घेऊन चंद्रकुमार. कपाळावरून घाम डोळ्यांत जाऊ लागला तेव्हा तो बायकोच्या झाडाकडं वळला. संध्यानं जागा दिली नाही.

"हात कोनत्या बाजूनं वर करनार ते आधी सांगा. मंग या."

चंद्रकुमारनं मायकडं पाहिलं. मायनं तोंड फिरवलं.

सुलोचनाबाईंनी विचारलं, "ठराव मंजूर म्हननारे?" चार हात वर झाले. चौघंही कंपनीला गाड्या भाड्यानं देणारे. "नामंजूर?" प्रत्येक सावलीतून हात निघाले. चंद्रकुमारचे दोन्ही हात रजिस्टरावरच राहिले.

"ऐसे भी ऊपर से हो जाता है," दुर्गेश फाईल बंद करत म्हणाला.

"वरून कोनी आला तं फागुनातच पाठवजो. खराटा देईन हातात." मग तिनं पोराच्या हातातून रजिस्टर ओढून संध्याला दिलं. "लिव वं. पहिलं झाड कोनाचं, दुसरं कोनाचं, सगळे. अन् खाली सरपंचाचा शिक्का."

संध्या लिहू लागली. चंद्रकुमार अजून उन्हातच होता.

"माय, मी तुह्या विरोधात तं हात केला नाई."

"बाजूनंही नाई केला," फुलवंताबाई त्याच्याकडं न पाहता म्हणाली. "घरी जाय. जेवायले भेटन. बोलायले नाई."